विस्कॉन्सिनच्या चढांवर एक साडी

विस्कॉन्सिनमधले आडरस्ते सायकलसाठी इतके चांगले आहेत ते दुधामुळे. डोंगराच्या प्रत्येक घडीत एक गोठा, आणि गोठ्यातलं दूध बर्फ असो की चिखल, वेळच्या वेळी बाहेर पडलंच पाहिजे. म्हणून सरकारनं पार शेवटच्या गोठ्यापर्यंत डांबर घातलं. दुधाची गाडी येऊन गेली की रस्ता रिकामा. या रस्त्यांना धड नावंही नाहीत, नुसती अक्षरं आहेत. के रस्ता, पी रस्ता, डबल एस. गेल्या जूनमध्ये मी पाच दिवस या रस्त्यांवर सायकल चालवली. रस्त्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तक्रारीच जास्त आहेत.

मी मूळची साताऱ्याची. ॲन आर्बरच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला आले, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वर्षं दिली होती. दोन वर्षं शिक, परत ये, मग लग्न. दोन वर्षं संपत आली तेव्हा माझे प्रोफेसर म्हणाले, इथेच डॉक्टरेट कर, शिकवण्याचं काम मिळेल, पगार मिळेल. मला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. अण्णांच्या परवानगीशिवाय ते करता आलं नसतं असं नाही. पण आमच्या घरात अण्णांना डावलून आजवर कोणी काही केलेलं नाही, आणि ती सुरुवात माझ्यापासून व्हावी असं मला वाटत नव्हतं.

अण्णा साऱ्या जगात एकाच माणसाचं ऐकतात, ते त्यांच्या धाकट्या भावाचं. बापूकाका विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला इंजिनिअर आहेत, येऊन पंधरा वर्षं झाली. मला सायकल त्यांनीच शिकवली. साताऱ्याच्या शाळेच्या मैदानावर कॅरिअर धरून ते मागे पळायचे आणि मी ओरडायचे, सोडू नका. मी ॲन आर्बरला आल्यावर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. जानेवारीत मी त्यांना डॉक्टरेटचं सांगितलं, तर म्हणाले, "मी बोलतो अण्णाशी. तू अजिबात काळजी करू नकोस." मी खरंच काळजी करायची सोडली. मे महिन्यात पुन्हा फोन आला, "परीक्षा झाली ना? मग ये इकडे. सायकलवर जाऊ पाच-सहा दिवस. निवांत बोलू."

निवांत बोलू, एवढ्या दोन शब्दांवर मी मॅडिसनची बस पकडली.

मॅडिसनच्या बाहेर

सामानाची बांधाबांध शैलाकाकूंनी केली. सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवायच्या असतात, त्यात मावेल तेवढंच न्यायचं. दशम्या, लसणाची चटणी, पंक्चरचं सामान, दोन जोडी कपडे. सगळं भरून झाल्यावर काकूंनी एक गुलाबी रेशमी साडी आणली. ब्लाउज, परकर, आणि वर एका पुडीत मोत्यांची कुडी.

"काकू, मी सायकलवर चाललेय."

"अगं, वाटेत कुणा मराठी लोकांकडे जेवायला जायची वेळ आली तर? शॉर्ट्सवर जाणारेस?"

मी काकांकडे बघितलं. ते वाकून चाकात हवा भरत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, काकूंचा हट्ट आहे, कशाला मोडायचा. साडी पिशवीत तळाशी गेली.

ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगते, या भागातले चढ फसवे आहेत. आमच्या साताऱ्याचा यवतेश्वरचा घाट कसा, एकदा चढलात की चढलात, वर देवळात जाऊन बसा. इथे चढ संपतो तिथे उतार, उतार संपतो तिथे ओढा, आणि ओढ्यावरचा पूल ओलांडला की पुन्हा चढ. डोंगर सगळे बुटके, पण मोजून पाठोपाठ उभे केल्यासारखे. गुडघाभर मका, त्याच्यावर कापलेल्या गवताचा वास, वळणावर एखादं पांढरं चर्च आणि त्याला लागून दफनभूमी. दुपारभर आम्हाला भेटल्या त्या फक्त गाई. त्या कुंपणाशी येऊन आमच्याकडे बघत राहायच्या.

चढावर बोलता येत नाही, म्हणून मी उतारांची वाट बघत होते. उतारावर काका पुढे निघून जायचे. संध्याकाळी मोटेलच्या पायरीवर बसून दशम्या खाताना मी विषय काढला, "अण्णांचा फोन झाला का?" ते म्हणाले, "झाला, झाला. बोलू आपण. आधी पाय शेकून घे." आणि मग म्हणाले, "उद्यापासून टोपी घालत जा. फार काळवंडशील."

चीजचा कारखाना

दुसऱ्या दिवशी विस्कॉन्सिन नदी ओलांडली. रुंद, उथळ, मधेमधे वाळूची बेटं. जूनमधली कृष्णा नव्हे, मार्चमधली. पलीकडे एका फाट्यावर चीजचा छोटा कारखाना होता, कारखाना म्हणजे एक मोठी खोली आणि पुढे दुकान. ताजं चीज दाबायच्या आधीचे गोळे पिशवीत घालून विकतात. दातांखाली ते कुरकुरत नाहीत, चक्क चूं चूं आवाज करतात, आणि आवाज आला नाही तर ते शिळं समजायचं. शाकाहारी माणसानं या भागात हेच खाऊन जगावं, कारण बाकी ठिकाणी शाकाहारी म्हटलं की कोबीसारखा एक बेचव पाला आणि वर टोमॅटोची फोड मिळते.

दुकानातली बाई गप्पिष्ट होती. आम्ही भारतातले हे कळल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही गाईंना मारत नाही म्हणे. मग म्हाताऱ्या झालेल्या गाईंचं करता काय?"

काकांनी तिला गोमाता, शेती, संस्कृती असं बरंच सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "हो, पण करता काय?" तेव्हा काका हसले आणि त्यांनी आणखी एक पिशवी चीज मागितलं. अडचणीचा प्रश्न आला की काका असेच हसून दुसरं काहीतरी मागतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते आणि मला ते गोड वाटायचं.

किकापूचं खोरं

किकापू नावाची नदी इतकी वळते की एकाच दिवसात आम्ही ती किती वेळा ओलांडली ते सांगता येणार नाही. काठाला लाल-केशरी खडक, त्यांच्या सावलीत नेचे. रस्त्याकडेला गुलाबी फुलांचे मोठे गेंद होते. पान मोडलं तर पांढरा चीक आला. आपल्या रुईचीच लांबची बहीण. काका थांबले नाहीत, पण मी थांबले, आणि मला फार बरं वाटलं. याच फुलांवर येणाऱ्या किड्यांचा अभ्यास मला पुढची चार वर्षं करायचा होता.

तिथंच मला पक्ष्यानं मारलं. खांद्यावर लाल पट्टा असलेला काळा पक्षी, साळुंकीएवढा. पिल्लं घरट्यात असतात तेव्हा तो कुंपणाच्या तारेवर बसून पहारा करतो आणि सायकलवाल्यांवर त्याचा विशेष राग असतो. टोपी मी नेमकी काढून ठेवली होती. डोक्यावर फटका बसला, तोल गेला, आणि मी चरात. कपाळ आणि गुडघा सोलवटला. काका धावत आले. मला वाटलं विचारतील, फार लागलं का. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "अरेरे. कपाळालाच. उद्यापर्यंत उतरेल का गं हे?"

मी म्हटलं, "उद्या काय आहे?"

"काही नाही. उद्या केळकरांकडे मुक्काम आहे ना. डॉक्टर आहेत, बघतील."

पुढे एका वळणावर आमिश लोकांची घोडागाडी भेटली. हे लोक मोटार वापरत नाहीत, घरात वीज घेत नाहीत. काळी टोपी घातलेला बाप आणि शेजारी लांब झग्यातली मुलगी. दोघांनीही हात केला. गाडी गेल्यावर काका म्हणाले, "यांचं एक बरं आहे. मुलींची लग्नं वेळेवर होतात." आता लिहिताना वाटतं, इतकं उघड बोलत होता माणूस, आणि मी आपली रुईची पानं बघत होते.

केळकरांकडे

डॉक्टर केळकर मूळचे नागपूरचे. चौथ्या दिवशी आम्ही पोचलो त्या गावच्या दवाखान्यात ते एकमेव सर्जन, आणि गावात मराठी घर त्यांचं एकच. अमेरिकेत एक रीत पडून गेली आहे. कुठेही जायचं म्हटलं की वाटेत कोण मराठी आहे ते बघायचं, फोन करायचा आणि तिथे उतरायचं. ओळख असण्याची गरज नसते. पोचल्यावर पोळीभाजी मिळते, निघताना डबा मिळतो. ही रीत मला मनापासून आवडायची. या रीतीवर माझा विश्वास होता म्हणून मला शंका आली नाही.

दाराशी पोचलो तेव्हा मी घामानं निथळत होते, कपाळावर चिकटपट्टी होती आणि गुडघ्यावर आयोडीन. केळकरकाकूंनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि काकांना म्हणाल्या, "उन्हानं रापलीय. एरवी उजळच असेल, नाही?" काका म्हणाले, "हो हो, एरवी उजळच आहे." मग मला म्हणाले, "हेमा, आंघोळ करून ती साडी नेस. चांगलं दिसतं."

मी नेसले. तळाशी चार दिवस दडपल्यानं साडीला आडव्या-उभ्या घड्या पडल्या होत्या आणि लसणाच्या चटणीचा वास लागला होता. मी खाली आले तर स्वयंपाकघरातून हाक आली, "हेमा, जरा येतेस का गं मदतीला?" आत काही मदत नव्हती. पोहे तयार होते, वर खोबरं-कोथिंबीर, चहाचे कप मांडलेले. पोहे शिकागोहून आणलेले. केळकरकाकूंनी तो ट्रे माझ्या हातात दिला. "ने बाहेर. आधी ह्यांना दे, मग अजयला."

चाळीस मैल सायकल चालवून आलेल्या पाहुणीला कुणी पोह्यांचा ट्रे उचलायला लावत नाही. ट्रे हातात आला त्या क्षणी मला सगळं कळलं. साडी कळली, टोपी कळली, हनुवटी धरून उजेडाकडे वळवणं कळलं. ट्रे टाकून द्यावा असं वाटलं. टाकला नाही, कारण दुसऱ्याच्या घरात अन्न टाकत नाहीत, एवढं वळण मला आहे. मी बाहेर जाऊन आधी ह्यांना दिलं, मग अजयला.

अजय म्हणजे केळकरांचा मुलगा, मिलवॉकीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून उमेदवारी करत होता. पाच वर्षांचा असताना इथे आलेला. पोहे झाल्यावर मोठी माणसं ठरल्यासारखी उठून मागच्या अंगणात भाजी बघायला गेली. तो अवघडून बसला होता, पण बोलला मोकळेपणानं.

"आय मस्ट से, तुझी आयडिया मला फार आवडली. सायकल चालवत मुलगा बघायला यायचं. मी हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना सांगितलं, यार. कोणी बिलीव्ह करेना."

"माझी आयडिया?"

"बापूकाका म्हणाले ना फोनवर. की मुलगी इंटरेस्टेड आहे, पण तिला तिच्या पद्धतीनं यायचंय."

मी त्याला सांगितलं की मला यातलं काही माहीत नव्हतं. की मला लग्न करायचं नाही, निदान आता नाही, आणि हे काकांना जानेवारीपासून ठाऊक आहे. तो लाल झाला. "ओह. देन आय ॲम सो सॉरी." मग म्हणाला, "पण ते सायकलचं खरं आहे ना? एवढं अंतर तू स्वतः चालवलंस?"

"ते खरं आहे."

"दॅट्स समथिंग," असं म्हणून त्यानं कपाळाला काय झालं ते विचारलं, आणि मी त्याला पक्ष्याचं सांगितलं. त्या घरात माझ्या कपाळाची चौकशी माझ्यासाठी करणारा तो एकटाच. बिचाऱ्यावर माझा राग नाही.

बोगदा

पाचव्या दिवशीचा रस्ता या साऱ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर, असं काका पहिल्यापासून सांगत होते. जुन्या आगगाडीचे रूळ उखडून तिथे सायकलींसाठी वाट केली आहे. मोटारींना मज्जाव. चढ जवळजवळ नाहीच, दोन्ही बाजूंना झाडांची कमान, आणि मधे डोंगरातून काढलेले बोगदे. त्यातला एक चांगला लांब आहे. आत दिवे नाहीत, वरून पाणी ठिबकतं, जूनमध्येही दात वाजतात. सायकलवरून उतरून, बॅटरी घेऊन चालतच जावं लागतं. सकाळपासून आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. बोगद्यात काकांना पुढे निघून जाता येत नव्हतं, म्हणून मी तिथे विचारलं.

"तुम्ही अण्णांशी बोललात?"

पाण्याचा आवाज येत होता. काकांच्या हातातली बॅटरी समोरच्या चिखलावर हलत होती.

"फोन केला होता मी जानेवारीत," ते म्हणाले. "अण्णाच आधी बोलला. म्हणाला, बरं झालं फोन केलास, हेमासाठी तिकडचंच एखादं स्थळ बघ, म्हणजे तुझ्या नजरेसमोर राहील. मग मी तुझा विषय काढलाच नाही."

"मला का नाही सांगितलंत? दर रविवारी फोन करत होतात."

"तू इतकी खूष झाली होतीस, हेमा."

"आणि केळकरांना काय म्हणून सांगितलंत, मुलगी इंटरेस्टेड आहे?"

"त्यांनी विचारलं, मुलगी तयार आहे ना. नाही म्हटलं असतं तर बोलावलं असतं का त्यांनी?"

"म्हणजे अण्णांना हो, केळकरांना हो, मला हो. तुम्ही आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलंय का, काका?"

ते म्हणाले, "मला अण्णानं शिकवलंय. स्वतःचं कॉलेज सोडून तो कारकून झाला तेव्हा मी इंजिनिअर झालो. त्याच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. तुला वाटतं मी मोठा माणूस आहे, पण तिथे मी अजून धाकटाच आहे."

हे सगळं खरं होतं. आमच्या घरात सगळ्यांना ते माहीत आहे आणि अण्णांनी ते कधी बोलूनही दाखवलेलं नाही. खरं होतं म्हणून माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. अण्णांच्या उपकाराचं ओझं काकांवर होतं, आणि ते उतरवायला त्यांनी मला सायकलवर बसवून केळकरांच्या दारात नेलं होतं. शिवाय वाटेत चीज खाऊ घातलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत." ते नाही म्हणाले नाहीत. बॅटरी तेवढी माझ्या पायांपुढे धरली, खड्डा होता तिथे.

बोगद्यातून बाहेर आल्यावर ऊन एकदम डोळ्यांवर आलं. पलीकडच्या बाकावर एक म्हातारं जोडपं सँडविच खात होतं. बाईंनी आम्हाला विचारलं, "बापलेक का? किती छान." काका म्हणाले, "हो," आणि त्या ‘हो’वर मला रडू आलं. हा हो तरी खरा असायला हवा होता. शाळेच्या मैदानावर कॅरिअर धरून पळणाऱ्या माणसावर मी अण्णांपेक्षा जास्त माया केली होती, हे मला त्या बाकापाशी कळलं, आणि ते कळण्याचा काहीच उपयोग नव्हता.

वाटेच्या टोकाला शैलाकाकू मोटार घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मुलाबद्दल काहीही न विचारता सायकली टपावर बांधल्या. मॅडिसनपर्यंत रेडिओ लावून ठेवला. त्या आठवड्यात मी बसनं ॲन आर्बरला परत आले. साडी तिथेच ठेवून.

ॲन आर्बर

जुलैमध्ये मी डिपार्टमेंटमध्ये जाऊन डॉक्टरेटसाठी नाव घातलं. त्याच दिवशी अण्णांना स्वतः पत्र लिहिलं. काही लपवलं नाही, कुणाबद्दल वाकडं लिहिलं नाही. मला काय शिकायचं आहे, किती वर्षं लागतील, पगार कसा मिळेल, लग्नाबद्दल माझं काय म्हणणं आहे, सगळं सरळ लिहिलं आणि शेवटी विचारलं, तुमची परवानगी आहे ना? एवढं मोठं पत्र मी अण्णांना कधी लिहिलं नव्हतं. उत्तर यायला ऑगस्ट संपला. आईनं तब्येतीचं, पावसाचं, शेजारच्या लग्नाचं असं पानभर लिहिलं होतं, आणि खाली अण्णांच्या अक्षरात एक ओळ. "पत्र पोचले. बापूशी बोलून कळवतो."

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी काकांचा फोन आला. जूननंतरचा पहिला. आवाज नेहमीसारखाच.

"हेमा, अण्णाचं पत्र आलंय मला. तुझ्या शिक्षणाचं विचारलंय. म्हणतो, तुला काय वाटतं ते लिही. मी काय लिहू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? तूच सांग काय लिहू."

मी म्हटलं, "लिहा, की मला विचारू नकोस, हेमाला विचार."



"असं कसं लिहिणार गं?" ते म्हणाले. "मोठा भाऊ आहे तो."

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडायला लागला का. मी म्हटलं, अजून नाही.